पाठमोरे मास्तर

मास्तरांचा चेहरा कसा होता असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. पाठ विचारा. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली, मानेवर सरळ कापलेले केस, काळ्या कोटाला दोन खांद्यांच्या मधोमध लावलेलं खाकी ठिगळ, आणि त्या ठिगळाचा एक कोपरा कायम उसवलेला. नदीकडे जाताना ते पुढे आणि आम्ही चौघी मागे, त्यामुळे जवळजवळ दोन वर्षं ते ठिगळ माझ्या डोळ्यांसमोर होतं. सुईदोरा घेऊन दोन टाके घालावेत असं रोज मनात यायचं. पण परक्या पुरुषाच्या, त्यातून मुसलमान माणसाच्या कोटाला टाके घालायचे म्हणजे आधी कोट मागावा लागणार, आणि कोट मागायचा तर बोलावं लागणार. जमिनीवर ते आमच्याशी बोलत नसत.

त्यांनी आम्हाला होडी वल्हवायला शिकवलं. हे सांगितलं की आताच्या मुली हसतात. "बाई, तुम्ही? आणि होडी?" माझे गुडघे पाहता त्यांचंही फारसं चुकत नाही.

ही जुन्नरची गोष्ट. प्लेग येऊन गेला होता आणि मोटार अजून यायची होती, असा तो काळ. कुकडीच्या काठावर बायकांना मास्तरीण करणारं एक ट्रेनिंग कॉलेज होतं. कॉलेज म्हणायचं, पण बावीस बायका, तीन खोल्या आणि एक विहीर एवढाच त्याचा पसारा. आमच्यात विधवा बऱ्याच, नवऱ्यानं टाकलेल्या काही, आणि नवऱ्याच्या परवानगीनं आलेल्या दोघी. त्या दोघी जरा तोऱ्यातच असत. आठवड्यातून तीन दिवस खऱ्या पोरांपुढे उभं राहून धडे द्यावे लागत आणि ती सरावाची शाळा नेमकी नदीपलीकडच्या गावात होती. उन्हाळ्यात वाळूतून चालत जायचं. पाणी असलं की तरीत, म्हणजे उतारू पलीकडे नेणाऱ्या नावेत बसायचं. तरीत बाजारकरी, बोकडं, विड्या ओढणारे बाप्ये, आणि त्यांच्यात अंग चोरून बसलेल्या कॉलेजच्या बायका. कुणाकुणाच्या भावांनी तक्रारी केल्या तेव्हा मोठ्या बाई, म्हणजे कॉलेजच्या मुख्य, हट्टाला पेटल्या. "आपली होडी आणू आणि आपणच वल्हवू," म्हणाल्या. त्यांचं माहेर पुण्याचं. तिथे कॉलेजातली मुलं चौघं-चौघं बसून होड्या पळवतात हे त्यांनी पुलावरून पाहिलं होतं.

मास्तर मूळचे जुन्नरचेच, कागद करणाऱ्या घरातले. गिरणीचा कागद आला आणि त्यांच्या आळीतले लगद्याचे हौद एकेक करून कोरडे पडले, तेव्हा ते पुण्याला गेले आणि एका कॉलेजच्या होड्या धुवायला लागले. धुता धुता साहेब मुलांना काय शिकवतो ते पाहून घेतलं. पुढे पुढे साहेब काठावर खुर्चीत बसून राही आणि शिकवत हेच. नाव अर्थात साहेबाचं. प्लेगात बायको आणि मुलगी एकाच आठवड्यात गेल्या, मग ते गावी परत आले. येताना मोडीत काढलेली चार वल्ह्यांची एक होडी दोन बैलगाड्या एकामागे एक जोडून घेऊन आले. हिचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, म्हणून लोक वाद घालत होते. मोठ्या बाईंनी मात्र एवढंच विचारलं, "बायकांना शिकवाल का?"

"शिकवंन की," मास्तर म्हणाले. "बाईनं धरलं का बाप्यानं, ते वल्ह्याला काय कळतंय?"

वल्ही शिकवणारा अशी जागा सरकारी कागदात नव्हती. म्हणून त्यांना माळी म्हणून ठेवून घेतलं. कॉलेजात बाग नव्हती. विहिरीपाशी तगरीची दोन झुडपं होती. पण माळी म्हटलंय ना, मग मास्तर रोज सकाळी नदीवर जाण्याआधी त्या दोन झुडपांना दोन घागरी पाणी घालत, पावसातसुद्धा. भर पावसात घागर ओतणारा माणूस पाहून आम्ही पोट धरून हसायचो. त्यांचं एकच म्हणणं, "हुकूम माळ्याचा हाय."

खरी अडचण पुढेच होती. अशा होडीत वल्हवणारे मागच्या टोकाकडे तोंड करून बसतात. जायची दिशा त्यांच्या पाठीमागे असते. आणि शिकवणारा, सुकाणू धरणारा, बसतो त्या मागच्या टोकाला, म्हणजे थेट त्यांच्या समोर. कॉलेजच्या कमिटीला हे ऐकूनच घाम फुटला. पुरुषानं बायकांकडे तोंड करून बसायचं, आणि बायका पुढेमागे झुकणार! अट घातली की शिकवणाऱ्यानं बायकांकडे पाहायचं नाही. मोठ्या बाई हिरमुसल्या. मास्तरांनी एक दिवस मागून घेतला, सुकाणूच्या दोऱ्या दुप्पट लांब केल्या, त्या दोन्ही कडांनी पुढपर्यंत आणल्या आणि स्वतः होडीच्या पुढच्या टोकाला, जायच्या दिशेला तोंड करून बसले. त्यांची पाठ आम्हाला आणि आमची पाठ त्यांना. मी कॉलेजात आले तेव्हा हे असं सहा वर्षं चालत आलं होतं. मी त्यांच्या सगळ्यात जवळ, म्हणून माझं नाव पहिली. माझ्या आणि त्यांच्या पाठीत हातभर अंतर होतं.

न पाहता शिकवणार कसं? कानानं. त्यांचे वडील हौदातून कागदाची जाळी वर उचलत तेव्हा निथळणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून ताव जाड आला की पातळ ते सांगत, आणि पोरालाही ओळखायला लावत. तोच कान मास्तर आमच्यासाठी वापरत. "टाका... ओढा... टाका... ओढा," असं चालू असताना मध्येच म्हणत, "पहिली, तुमचं वल्हं पाणी पीत न्हाई, नुसतं चाखतंय." किंवा, "तिसरी, आज जेवला न्हाय का?" तिसरी तळेघरची, डोंगरातली, नाचणीवर वाढलेली दणकट बाई. त्या दिवशी तिची खरोखर एकादशी होती. तिनं घाबरून मान वळवून दुसरीच्या तोंडाकडे पाहिलं. मास्तरांच्या पाठीला डोळे फुटल्यासारखं वाटायचं.

आमची नावं त्यांना ठाऊक नव्हती, निदान त्यांनी कधी घेतली नाहीत. दर दोन वर्षांनी चौघी जात आणि नव्या चौघी येत. त्याही पहिली, दुसरी, तिसरी, चौथीच. कॉलेजच्या दारात समोर आलो तर ते खाली बघून बाजूला होत. आम्हाला तोंडावरून ते ओळखत नव्हतेच, ओळखणार कसे?

चैत्र-वैशाखात नदी आटायची. दुसरा कुणी असता तर सुट्टी घेतली असती. मास्तर वाळूत चार पाट मांडत, हातात बांबू देत, आणि स्वतः पुढे आमच्याकडे पाठ करून बसत. टाका, ओढा. नऊवारीचा काष्टा घालून कोरड्या नदीत वल्हवणाऱ्या चार बायका आणि रिकाम्या वाळूकडे डोळे लावून बसलेला एक माणूस. बघायला गाव लोटायचं. तरवाला तर मुद्दाम येऊन बसे. "मास्तर, लई जोरात चाललीया हो होडी! पुण्याला कवा पोचायची?" मास्तर शांतपणे म्हणायचे, "पाणी येतंय-जातंय, भाऊ. हात बसला म्हंजी ऱ्हातो." लाजेनं आमचे कान तापायचे. त्यांना लाज वाटत असेल का, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

त्या माणसाला कुणीच नव्हतं, हे आज कळतं. तरवाले त्यांना आपल्यातलं मानत नसत. उभं राहून, पुढे बघून बांबू रेटायचा सोडून नदीला पाठ दाखवायला शिकवतो, म्हणत. त्यांच्या आळीतले लोक बायांचा खलाशी म्हणून चिडवत. आमच्या स्वयंपाकघरातून त्यांना दोन भाकरी आणि कालवण मिळे, पण ते परसातल्या गडग्यावर, दगडांच्या बुटक्या भिंतीवर ठेवायचं आणि ठेवणारीनं लगेच आत यायचं. ते ताट घेऊन नदीकाठच्या आपल्या खोपटात जात आणि पाण्याकडे तोंड करून जेवत. एका दिवाळीनंतर तरवाल्याची तर आणि आमची होडी एकाच वेळी सुटल्या. आम्ही पलीकडे लागून, वल्ही आत घेऊन, पदर सारखे करून उभ्या राहिलो तेव्हा त्याची तर अजून मध्यावरच होती. आम्हाला वाटलं, आज तरी शाबासकी. मास्तर म्हणाले, "तिसरीनं दोनदा उशीर केला." संध्याकाळी मात्र गडग्यावर रिकाम्या ताटाशेजारी चार पुड्या होत्या, घरच्या जाडसर कागदात बांधलेल्या. प्रत्येकीत गूळ आणि शेंगदाणे. मुसलमानाच्या हातचं म्हणून दुसरीनं आपली पुडी कुंपणापलीकडे टाकली. मी माझी खाल्ली, पण अंधारात, कुणाला न सांगता. म्हणजे मीही काही फार मोठी शूर नव्हते.

बोलत ते फक्त पाण्यावर. पाठमोरे असले की त्यांची जीभ सैल व्हायची. एकदा परत येताना वारा पडला होता, आम्ही सावकाश वल्हवत होतो. एकाएकी म्हणाले, "माझी पोर पाच वर्सांची व्हती. होडीत बशिवली व्हती एकदा. पान्यात हात घालून बसली आन मला म्हनती, अब्बा, नदी मागं पळतीया, तिला थांबवा." आम्ही चौघींनी ऐकलं. वल्हवत राहिलो. परक्या माणसाशी बोलू नये असं आम्हाला इतकं शिकवलेलं होतं की गेलेल्या लेकराबद्दल चकार शब्द काढायचंही आम्हाला सुचलं नाही. त्यांनी पुन्हा टाका-ओढा सुरू केलं.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला बसले तो दिवस.

श्रावणात कुकडी चढलेली असते. भाद्रपद उलटेपर्यंत मास्तर होडी सोडत नसत. तेवढे दिवस सरावाचे धडे बंद. पण माझ्या दुसऱ्या वर्षी कमिटीचे अध्यक्ष श्रावणातच तपासणीला आले. आम्ही त्यांना रावसाहेब म्हणायचो. होडीवर कमिटीत आधीपासून कुरकुर होतीच. रावसाहेबांना ती चालताना पाहायची होती, नव्हे, तीत बसायचं होतं. पसंत पडली तर मास्तरांना होडीचे शिक्षक म्हणून कायम करायचं, नाहीतर होडी बंद, असं मोठ्या बाईंनी आम्हाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. मास्तर म्हणाले, "आठ दिस थांबा. धार लई हाय." रावसाहेबांना आठ दिवस नव्हते.

त्या दिवशी मास्तरांनी कोट धुऊन घातला होता. रावसाहेब मागच्या टोकाला बसले, म्हणजे आमच्या चौघींच्या बरोबर समोर, तोंडाकडे तोंड करून. ज्या जागेवर मास्तरांनी बसू नये म्हणून एवढी खटपट झाली होती ती जागा तीच. हे कुणालाच खटकलं नाही. मलाही नाही, आत्ता लिहिताना खटकतंय.

आम्ही चांगल्या निघालो. पाणी गढूळ होतं, ओढ होती, पण हात बसलेले होते. नदीच्या मध्यावर आलो. आमच्याकडे रीत आहे की भरल्या नदीतून पलीकडे जाताना मध्यधार लागली की बायका नदीला हात जोडतात. आईच्या मांडीवर होते तेव्हापासून मी तरीत बसून हात जोडत आले होते. आमची होडी मात्र भरल्या नदीत पहिल्यांदाच उतरली होती. तरीत बसणारीचे हात रिकामे असतात. आमच्या हातांत वल्ही आहेत हे त्या क्षणी एकीच्याही ध्यानात राहिलं नाही. तिसरी हळूच म्हणाली, "धार आली गं, हात जोडा," आणि चौघींनी वल्ही सोडून हात जोडले, डोळे मिटले. मिटता मिटता मला दिसलं, रावसाहेबांनीही हात जोडून डोळे मिटले होते. उघड्या डोळ्यांनी त्या होडीत एकटे मास्तर होते, आणि त्यांचं तोंड पलीकडे.

माझं वल्हं कडीतून निसटलं. होडी आडवी झाली आणि पाण्यात बुडालेल्या एका बाभळीकडे ओढली जाऊ लागली. मास्तरांनी दोनदा हाक दिली, "टाका! टाका!" आणि मग ते वळले. सात वर्षांत पहिल्यांदा. आम्ही डोळे उघडले तोवर ते माझ्या शेजारी गुडघ्यावर होते, नजर फक्त वल्ह्यावर, आणि निसटतं वल्हं त्यांनी पकडलं होतं. मी मूठ धरली तशी माझ्या हातावर हात ठेवूनच ते ओढू लागले. होडी वळली. बाभळीची फांदी कडेला घासून गेली. सगळे सुखरूप काठाला लागलो, घोट्याएवढं पाणी आत आलं एवढंच.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. एकेकीला खोलीत बोलावलं. रावसाहेब म्हणाले, "विचारू तेवढंच सांगायचं. तो मागे वळला?"

"हो."

"तुझ्या हाताला हात लावला?"

"हो."

"जा."

पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. आम्ही वल्ही सोडली म्हणून वळले, एवढंच. पण ते बोलायचं म्हणजे आमची चूक कबूल करायची, आणि रावसाहेबांचेही डोळे मिटलेले होते हे त्यांच्या तोंडावर सांगायचं. सर्टिफिकेट चार महिन्यांवर आलं होतं. ते हातचं गेलं असतं तर मला भावाच्या घरी परत जावं लागलं असतं, भावजयीच्या चुलीपुढे, जन्मभर. मी "जा" ऐकलं आणि गेले. बाकीच्या तिघींनीही तेच केलं. खोलीबाहेर आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

मास्तरांना शेवटी बोलावलं. दार उघडं होतं, आम्हाला ऐकू येत होतं. रावसाहेबांनी विचारलं, का वळलास? ते म्हणाले, "वल्ही थांबली, सायब." का थांबली?  मास्तर म्हणाले, "त्ये मला ठावं न्हाई. माझंच शिकवायला कायतरी चुकलं आसंल."

होडी बंद झाली. मोठ्या बाई भांडल्या, पण त्यांनाही खरं ठाऊक नव्हतं. जायच्या दिवशी सकाळी मास्तरांनी तगरीला दोन घागरी पाणी घातलं आणि गेले. आम्हीही आता बोकडांबरोबर तरीतून जाऊ लागलो. मला सर्टिफिकेट मिळालं, आंबेगावच्या बाजूला शाळा मिळाली, स्वतःच्या पगारावर स्वतःची चूल मिळाली. ते सगळं मी कशाच्या बदल्यात घेतलं ते मला माहीत होतं. चांगली झोप लागायची, हेही खरंच सांगते. माणूस फार निबर असतो.

सहा वर्षांनी कामानिमित्त जुन्नरला गेले. कागद करणारी दोन घरं अजून तग धरून होती. त्यातल्या एकाच्या ओट्यावर मास्तर कागदाच्या लगद्यासाठी चिंध्या फाडत बसलेले दिसले. पाठीवरूनच ओळखलं. मी पुढे जाऊन उभी राहिले तर सवयीनं त्यांनी मान खाली घातली.

"मास्तर, मी पहिली."

त्यांचे हात थांबले. "कंच्या सालची?"

"शेवटच्या."

"बसा," म्हणाले. मी ओट्याच्या कडेला बसले. क्षमा मागायची म्हणून वाटेत जुळवलेले शब्द कुठल्या कुठे गेले. तेच म्हणाले, "बाई, एक इचारू? राग न्हाई ना यायचा? त्या दिशी वल्ही का थांबली? लई इचार केला मी. दमला म्हनावं, तर निम्मीच नदी झालती. माझी हाक चुकली म्हनावं, तर चौघींची एकदम कशी थांबंल?"

"तुमचं काही चुकलं नव्हतं, मास्तर. मध्यधार आली म्हणून आम्ही नदीला हात जोडले. चौघींनी. आणि हे आम्ही कुणाला सांगितलं नाही."

त्यांनी मान वर केली. मी त्यांच्याकडे पाहिलं नसेन, नाहीतर आज चेहरा आठवला असता.

"हात जोडले," ते म्हणाले. हातातली चिंधी त्यांनी घडी करून बाजूला ठेवली. "मग आदी सांगायचं व्हतं, पहिली. मला काय ठावं तुमच्यात कवा जोडत्यात! मीच म्हनलो असतो, धार आली, वल्ही वर, जोडा हात. दोन मोजलं असतं, आन परत टाका. दोन मोजूस्तवर होडी कुटं जात न्हाई."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मला रडू फुटलं ते त्या ओट्यावर, रस्त्यानं जाणाऱ्यांच्या देखत. त्यांनी नेहमीसारखी मान वळवली आणि दुसरी चिंधी घेतली. रडता रडता मी मनात दोन मोजून पाहिले. खरंच, काहीच वेळ लागत नाही.